खड्डा, सायकल आणि भरपाई: वाचकांचे प्रश्न

या अंकात रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे सायकलस्वारांच्या झालेल्या नुकसानीविषयीची पत्रं घेतली आहेत. पत्रांतली गावांची आणि नगरपरिषदांची नावं वगळली आहेत.

प्रश्न: जुलैमध्ये पहाटे दूध टाकायला निघालो होतो. बाजारपेठेत पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. रिम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा दोन्ही वाकले. नगरपरिषदेत गेलो तर “अर्ज देऊन ठेवा, बघू” एवढंच उत्तर मिळालं. भरपाई खरंच मिळते का? किती, आणि मागायची कोणाकडे?
(दूधविक्रेता, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: मिळते. मात्र मनगटाची भरपाई आणि सायकलची भरपाई एकाच अर्जात मागू नका. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. एकत्र अर्ज केला की तो बांधकाम विभाग आणि लेखा विभाग यांच्यात फिरत राहतो आणि कोणीच निर्णय घेत नाही.

आधी मनगटाचं. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे आणि उघड्या मॅनहोलबाबतच्या जनहित याचिकेत भरपाईचे दर ठरवून दिले. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. रक्कम ठरवायला समिती आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत त्या समितीवर मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर दाव्याच्या तारखेपासून वार्षिक ९ टक्के व्याज लागतं आणि जबाबदार अधिकाऱ्यावर ठपका येतो. नगरपरिषदेने आधी पैसे द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून किंवा दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करायचे, असा क्रम आहे. “ठेकेदाराला विचारा” हे उत्तर त्यामुळे चालत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने दोन प्रतींत करा. एक प्रत नगरपरिषदेच्या आवक विभागात द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुसरी प्रत जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या. तिथे जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. ही दुसरी प्रत बहुतेक जण देत नाहीत आणि अर्ज नेमका तिथेच अडकतो, कारण समितीच्या अर्ध्या भागाला अर्ज आल्याचंच कळत नाही.

सोबत केसपेपर, एक्स-रे आणि त्याचा अहवाल, प्लास्टर घातल्याची आणि काढल्याची नोंद, औषधांची बिलं, खड्ड्याचे फोटो, आधार कार्ड आणि बँक पासबुकाचं पहिलं पान जोडा. केसपेपरवर डॉक्टरांनी कारण काय लिहिलं आहे ते आधी वाचा. नुसतं “सायकलवरून पडून दुखापत” असं असेल तर नगरपरिषद म्हणणार की तोल गेला. “रस्त्यातील खड्ड्यात सायकल आदळून पडल्याने” असं हवं. आता तसं नसेल तर त्याच डॉक्टरांकडून, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलेल्या कारणासह प्रमाणपत्र घ्या. केसपेपरमध्ये मागाहून खाडाखोड करून घेऊ नका, कारण ती लगेच पकडली जाते आणि खरा दावाही खोटा ठरतो.

पोलीस ठाण्यात नोंद केली नसेल तर आता लेखी अर्ज द्या. उशीर का झाला तेही लिहा. हाड मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे, त्यामुळे “किरकोळ आहे, नोंदीची गरज नाही” हे पटवून घेऊ नका. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अशा घटनेची माहिती पोलिसांनीच ४८ तासांत समितीला कळवायची आहे. अर्जात या आदेशाचा उल्लेख केला की ठाणे अंमलदाराचा सूर बदलतो.

आता सायकल. वरच्या आदेशातल्या रकमा मृत्यू आणि शरीराच्या दुखापतीसाठी आहेत, वाकलेल्या रिमसाठी नाहीत. सायकलचं नुकसान आणि बुडालेली मजुरी नेहमीच्या दिवाणी मार्गाने मागावी लागते. समितीकडून मिळणारी रक्कम इतर कायदेशीर हक्कांव्यतिरिक्त असल्याने एकीमुळे दुसरी अडत नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०४ प्रमाणे नगरपरिषदेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. जुलैचा अपघात म्हणजे जानेवारीत मुदत संपते. नोटिशीचा महिना धरता डिसेंबरच्या आत नोटीस पोचलीच पाहिजे. “दिवाळीनंतर बघू” म्हणणाऱ्यांचे दावे बहुतेक याच हिशोबात बुडतात.

नोटिशीचा मजकूर साधा ठेवा:

“प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय: अधिनियम १९६५, कलम ३०४ अन्वये नोटीस. दिनांक … रोजी सकाळी … वाजता … रस्त्यावर, विजेचा खांब क्र. … समोर, सुमारे … सेंमी लांब, … सेंमी रुंद व … सेंमी खोल खड्ड्यात माझी सायकल (फ्रेम क्रमांक …) आदळली. सदर रस्ता नगरपरिषदेच्या ताब्यात असून त्याची देखभाल कलम ४९ नुसार नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. या खड्ड्याबाबत दि. … रोजी तक्रार झालेली होती (आवक क्र. …). खड्ड्याभोवती अडथळा, फलक किंवा दिवा नव्हता. त्यामुळे माझे पुढील नुकसान झाले: … एकूण रु. …. ही रक्कम नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात न दिल्यास मी दिवाणी न्यायालयात दावा दाखल करीन. नाव, राहण्याचा पूर्ण पत्ता, सही.”

पत्ता आणि मागितलेली रक्कम वगळू नका. दावा का आणि कशासाठी आहे, मागणारा कोण आणि तो राहतो कुठे, हे नोटिशीत असावंच लागतं.

आधीच्या तक्रारीचं वाक्य सगळ्यांत वजनदार आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजकोट महापालिकेविरुद्धच्या खटल्यात, रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक जण मेला तरी, महापालिकेला जबाबदार धरलं नाही, कारण झाड धोक्याचं असल्याचं तिला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं असं दिसलं नाही. याउलट १९६६ मध्ये चांदणी चौकातल्या कोसळलेल्या घंटाघराच्या खटल्यात दिल्ली महापालिका जबाबदार ठरली, कारण ती जुनी इमारत तिच्याच ताब्यात होती आणि तिची तपासणी तिनेच करायला हवी होती. खड्डा या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. तो पंधरा दिवसांपासून तिथे होता हे दुकानदाराचा लेखी जबाब, वर्तमानपत्रातला फोटो किंवा एखादी तारीख असलेली तक्रार यांतून दाखवलं की बाजू तुमच्याकडे झुकते. खड्ड्याची माहिती मिळाल्यावर ४८ तासांत तो बुजवायचा, असं उच्च न्यायालयाचंही बजावणं आहे.

सहा-सात हजारांच्या सायकलसाठी वकील करून दावा लढवू नका, हे आमचं स्पष्ट मत. एक महिना संपला की तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही आणि तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अंतिम असतो. मुख्याधिकाऱ्यांनाही तो सोयीचा, कारण लेखापरीक्षणात दाखवायला कागद मिळतो. मात्र लोकअदालतीच्या तारखांसाठी थांबताना सहा महिन्यांची मुदत संपू देऊ नका.

प्रश्न: माझा अपघात झाला तो खड्डा गणपतीच्या आठ दिवस आधी खडी आणि मातीने बुजवून टाकला. माझ्याकडे एकच धूसर फोटो आहे. आता पुरावा संपला का?
(वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर: उलट, बुजवणं हाच पुरावा आहे. खड्डा बुजवण्याचं बिल काढायचं तर मोजमाप पुस्तिकेत रस्त्याचं नाव, जागा, क्षेत्रफळ आणि तारीख लिहावीच लागते. त्या पुस्तिकेची संबंधित पानं माहिती अधिकारात मागा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांपर्यंत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून फक्त एवढंच मागा: अमुक रस्त्यावर जून ते सप्टेंबर या काळात केलेल्या खड्डे दुरुस्तीचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि त्या रस्त्याबाबत आलेल्या तक्रारींची नोंदवही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, त्याचं शुल्क २० रुपये.

कार्यादेशात दोष दायित्व कालावधीचं कलम शोधा. रस्ता त्या मुदतीत असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. मग नगरपरिषदेने पुन्हा पैसे का मोजले, हा प्रश्न तुमच्या नोटिशीला आपोआप जोर देतो.

आणखी एक गोष्ट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ८२ या संहितेप्रमाणे खड्ड्याच्या कडा सरळ कापून, आतला गाळ काढून, डांबराचा हात देऊन थराथराने मिश्रण भरून दाबायचं असतं. मुरूम किंवा जांभ्याची माती ओतून त्यावरून ट्रक फिरवला की तो भराव पुढच्या जोरदार सरीत वाहून जातो आणि खड्डा त्याच जागी, बहुधा आधीपेक्षा मोठा, उघडतो. अनंत चतुर्दशीनंतर त्या जागेवर जाऊन पाहा. उघडला असेल तर मोजमापासह फोटो घ्या आणि “हाच खड्डा, पुन्हा” असं नोटिशीत लिहा.

समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर आजच विचारा. चित्रीकरण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं.

पुढच्या वेळेसाठी: पाण्याने भरलेला खड्डा फोटोत सपाट डबक्यासारखा दिसतो. त्यात काठी उभी करा, ओल्या खुणेपर्यंत टेप लावा आणि टेपचा आकडा दिसेल असा जवळून एक फोटो घ्या. दुसरा फोटो दुरून, ज्यात विजेचा खांब, दुकानाची पाटी किंवा मोरीचा क्रमांक येईल. तिसरा सायकलच्या चाकाचा, खड्ड्याच्या बाजूला ठेवून. हे तीन असले की कोणाशी वाद घालावा लागत नाही.

प्रश्न: नगरपरिषद म्हणते रस्ता बांधकाम खात्याचा, खातं म्हणतं नगरपरिषदेचा. कसं ठरवायचं?
(वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर: रस्ता शहरातून जातो म्हणून तो नगरपरिषदेचा होत नाही. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हस्तांतरित झाल्याचा लेखी आदेश नसेल तर गावातही मूळ खात्याकडेच राहतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग.

मुंबई-गोवा महामार्ग क्रमांक ६६ वर पनवेल ते इंदापूर हा पट्टा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरच्या दक्षिणेकडचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहे. इंदापूरच्या दक्षिणेला माणगावात पडलात आणि नोटीस चुकून महामार्ग प्राधिकरणाला गेली, असं सहज होतं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या रस्त्याचं आणि खाडीपुलांचं काम वेगवेगळ्या यंत्रणांकडे असू शकतं, म्हणून फलकावरचं नाव वाचा. औद्योगिक वसाहतीतले अंतर्गत रस्ते एमआयडीसीकडे असतात.

शंका राहिली तर दोघांनाही नोटीस द्या आणि दोन्हींत लिहा: “रस्ता आपल्या ताब्यात नसल्यास तसे लेखी कळवावे.” तोंडी टोलवाटोलवी लेखी करायला कोणी धजत नाही. बांधकाम विभाग म्हणजे राज्य शासन, तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. ग्रामपंचायतीचा रस्ता असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १८० प्रमाणे नोटीस एक महिन्याची आणि दाव्याची मुदत सहा महिन्यांची. दुखापतीची समिती बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि रस्ते विकास महामंडळ यांच्या रस्त्यांसाठीही आहे आणि तिथेही विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव सदस्य आहेत. म्हणून मालकीचा घोळ असताना पहिला अर्ज त्यांच्याकडेच नेलेला बरा.

प्रश्न: दुकानदार म्हणतो “आऊट काढून देतो, दोनशे रुपये द्या.” पण सायकल चालवताना काहीतरी वेगळं वाटतं. भरपाई मागताना नुकसान कसं दाखवावं?
(वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: आऊट काढून घेण्याआधी, म्हणजे डुलणारं चाक आरे ताणून सरळ करून घेण्याआधी, तपासणी करा. एकदा आरे ताणले की मूळ नुकसानीची खूण जाते.

सुरुवात ट्यूबपासून. खड्ड्याच्या कडेवर आदळून टायर रिमपर्यंत दबला तर ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. खिळ्याने एकच भोक पडतं. ती ट्यूब फेकू नका, तारीख लिहून पिशवीत ठेवा, कारण “पंक्चर तर रोजच होतं” या युक्तिवादाला तेच उत्तर आहे. मग रिम. बाजूला डुलणारी रिम आऱ्यांनी सरळ होते, पण वर-खाली उडी मारणारी, म्हणजे जिच्या कडेला चपटा ठोका बसला आहे ती, होत नाही. ॲल्युमिनियमची कड ठोकून सरळ केली तर तिथे चीर जाते आणि पुढे ब्रेक मारताना ती फाटू शकते. अशी रिम बदलायचीच.

तुम्हाला “वेगळं” वाटतं ते बहुधा चिमट्यामुळे. सायकलकडे बाजूने पाहा. चिमट्याचे पाय मागे ढकलले गेले असतील तर पुढचं चाक फ्रेमच्या खालच्या नळीजवळ आलेलं दिसतं आणि वळताना बूट चाकाला लागतो. हात सोडल्यावर सायकल एका बाजूला ओढत असेल तर पाय कमी-जास्त वाकले आहेत. हँडल सावकाश फिरवून पाहा. मध्येच अडकल्यासारखं झालं तर हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या सांध्याच्या, छऱ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत. शेवटी हँडलखालच्या नळीला जिथे वरची आणि खालची नळी जोडलेली असते, तिथल्या रंगावर बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी चीर असेल तर फ्रेम गेली. कार्बन फ्रेमवर चीर वरून दिसेलच असं नाही, तिथे कंपनीच्या अधिकृत दुकानाचा लेखी अहवाल घ्या.

दुकानदाराकडून लेटरहेडवर किंवा छापील बिलावर अंदाजपत्रक घ्या: सुटा भाग, त्याची किंमत, मजुरी वेगळी. फ्रेम क्रमांक लिहायला सांगा, तो बहुतेक सायकलींना पेडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो. जुन्या सायकलला नव्याची किंमत मागू नका. सहा वर्षांच्या सायकलच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर आजची किंमतच मागावी. फुगवलेलं बिल दिसलं की खऱ्या बिलांवरही शंका घेतली जाते. मोडके भाग प्रकरण संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

प्रश्न: नळाच्या पाइपसाठी खणलेला चर नीट बुजवला नव्हता, त्यात सायकल अडकली. नगरपरिषद ठेकेदाराकडे बोट दाखवते.
(वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर: नोटीस दोघांनाही द्या. रस्ता खणायला परवानगी नगरपरिषद देते आणि पूर्ववत करून घेण्याची अट, अनामत रकमेसह, परवानगीतच असते. ती परवानगी माहिती अधिकारात मागा. परवानगी नसताना खणलं असेल तर नगरपरिषदेने ते होऊ कसं दिलं, हाच मुद्दा. चराची दिशाही लिहा. रस्त्याला आडवा चर धक्का देतो, पण रस्त्याला समांतर चर सायकलचं अरुंद चाक पकडून ठेवतो आणि हँडल फिरवताच माणूस आडवा होतो. मोटारीच्या टायरला तो जाणवतही नाही, त्यामुळे “इतर वाहनं गेलीच ना” हा बचाव सायकलस्वाराला लागू पडत नाही.

प्रश्न: सायकलला दिवा नव्हता, डोक्याला हेल्मेटही नव्हतं. दावा फेटाळतील?
(वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर: पूर्ण फेटाळण्याचं कारण नाही, पण रक्कम कमी होऊ शकते. मनगट मोडलं असेल तर हेल्मेटचा संबंधच नाही, तो फक्त डोक्याच्या दुखापतीत येतो. दिव्याचा मुद्दा अंधारात जड जातो. रस्त्यावरचा दिवा बंद होता का ते लिहा आणि खांबाचा क्रमांक द्या. तो दिवाही नगरपरिषदेचाच असतो.

प्रश्न: खड्डा चुकवताना सायकल मधे गेली आणि मागून आलेल्या टेम्पोने उडवलं. हे खड्ड्याचं प्रकरण की टेम्पोचं?
(वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: दोन्ही. टेम्पोच्या विम्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा, सहा महिन्यांच्या आत. नुसत्या खड्ड्यात पडणाऱ्याला हे न्यायाधिकरण उपलब्ध नसतं, कारण सायकल मोटार वाहन नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात खड्ड्याची जागा आणि माप आलंच पाहिजे, नाहीतर विमा कंपनी “सायकल अचानक मधे आली” एवढंच धरून बसेल. कायमचं अपंगत्व आलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ कडेही पोलिसांचं लक्ष वेधा. रस्त्याच्या सदोष बांधणी किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास त्याखाली जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो.

प्रश्न: माझी चौदा वर्षांची मुलगी शाळेत जाताना पडली. वकिलाची फी परवडणारी नाही.
(आई, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर: अर्ज आणि नोटीस तिच्या वतीने पालक म्हणून तुम्ही करा. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीच्या कक्षात तिचा जन्मदाखला, तुमचं ओळखपत्र आणि दवाखान्याचे कागद घेऊन जा.